रथाचा दोर

नाशिक शहर गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें आहे. उजव्या तीरावर जुनें नाशिक, त्याच्या पेठा, तांबटांच्या आळ्या आणि सराफबाजार. डाव्या तीरावर पंचवटी. मधलें नदीचें पात्र पावसाळा सोडला तर फारसें मोठें नव्हे, तथापि दोन्ही तीरांचा दिनक्रम पूर्वींपासून वेगळा. उजव्या तीरास तांब्यापितळेवर पडणाऱ्या हातोड्यांच्या नादानें जाग येत असे, तर डाव्या तीरास स्नानाच्या घाईनें. रामकुंडावर उजाडण्यापूर्वींच यात्रेकरू उतरूं लागतात. परगांवच्या यजमानाचें आडनांव आणि मूळगांव कानीं पडल्याबरोबर तीर्थोपाध्याय आपल्या घरची वही काढतात. त्या वहींत यजमानाला आपल्या पणजोबांची स्वाक्षरी सांपडावी आणि त्यानें ती पाहून घटकाभर मूक व्हावें, हें पंचवटींतलें नित्याचें दृश्य आहे. फुलवाले, पूजासाहित्याचे दुकानदार, धर्मशाळांचे रखवालदार, आखाड्यांतील बैरागी, या सर्वांचा चरितार्थ कोठेंतरी देवळाशीं बांधलेला.

या देवळांत मुख्य तें काळारामाचें. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनीं तें अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलें. दगड रामशेजच्या डोंगराचा. काम बारा वर्षें चाललें, दोन हजार माणसें राबत होतीं आणि तेवीस लाख रुपये लागले, असें परंपरा सांगते. परंपरेचे आकडे थोडे फुगलेले असतात हें धरून चाललें तरी, त्या काळ्या पाषाणासमोर उभें राहिल्यावर खर्चाविषयीं वाद घालावासा वाटत नाहीं. देवळाभोंवतीं सतरा फूट उंचीची भिंत आणि चार दिशांना चार दरवाजे. ही भिंत आणि हे दरवाजे ध्यानांत ठेवावे. पुढील हकीकतींत त्यांचें काम आहे.

चैत्र शुद्ध नवमीस दुपारीं रामजन्म होतो आणि दोन दिवसांनीं, कामदा एकादशीस, रथ निघतो. रथ दोन. गरुडरथांत रामाच्या पादुका असतात, रामरथांत भोगमूर्ति. गाभाऱ्यांतली मुख्य मूर्ति अर्थातच जागची हलत नाहीं. दोन्ही रथ पूर्वेच्या दरवाजापासून निघतात. परंतु रामरथ नदी ओलांडीत नाहीं. तो तीरावर थांबतो. गरुडरथ मात्र पलीकडे जातो, जुन्या नाशकाच्या पेठांतून फिरतो, माड्यांवरून होणारी फुलांची वृष्टि अंगावर घेतो आणि परत येऊन रामरथास मिळतो. मग रामकुंडावर देवाला अवभृथस्नान घडतें, आणि रथ देवळाशीं परत यावयास बरीच रात्र होते. ज्यांनीं हा सोहळा पाहिला असेल त्यांच्या लक्षांत एक गोष्ट राहिली असेल: रथापुढें पुजारी घराण्यांतील त्या वर्षाचा मानकरी चालतो तो रथाकडे तोंड करून, उलट्या पावलीं. देवाला पाठ दाखवावयाची नाहीं म्हणून गर्दींतून, चढउतारांवरून, तासन्‌तास मागें मागें चालावयाचें. हें सोपें काम नव्हे.

मान केवळ पुजाऱ्यांचाच नाहीं. धुरा सांभाळणारे पाथरवट निराळे, दोर ओढणारे तालमींतले जवान निराळे, वाजंत्री निराळे, आरती ओवाळणारीं घरें निराळीं. कोणीं कोठें उभें राहावयाचें हें कागदावर लिहिलेलें नसतें, तरी चुकत नाहीं. बापाचा हात दोरावर जेथें पडत असे तेथेंच मुलाचा पडतो. आपल्याकडील गांवगाड्याची ही जुनी रीत आहे. उत्सवांत ज्याला काम, त्याला गांवांत जागा. मान हा शब्द हल्लीं आपण हारतुऱ्यांशीं जोडतों. मूळांत तो घाम गाळण्याचा अधिकार आहे. चैत्रांतल्या भर दुपारीं तापलेल्या दगडी रस्त्यावर अनवाणी पायांनीं अवजड रथ ओढणें यांत सुख तें कोणतें? तरीहि तो दोर हातीं धरण्यासाठीं तरुण मंडळी वर्षभर जोर काढीत.

या वांटणींत कांहीं लोकांना जागाच नव्हती. गांवोगांवच्या जत्रांत महारांकडे कामें असत, परंतु तीं देवळाच्या पायरीबाहेरचीं. पंचवटीच्या भिंतीच्या आंत तर अस्पृश्य मानलेल्या कोणालाहि पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. रामाचें नांव घेण्यास बंदी नव्हती. रामासमोर उभें राहण्यास होती.

सन १९२७ च्या मार्चांत महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि १९२९ च्या ऑक्टोबरांत पुण्यास पर्वतीचा सुरू झाला. त्यानंतर नाशिकची पाळी आली. नाशिक जिल्ह्यांतल्या, दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड हे येथील सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. मागाहून सगळा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणूं लागला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. देवस्थानच्या विश्वस्तांना रीतसर सूचना गेली होती. दरवाजे उघडले नाहींत.

२ मार्च १९३० हा रविवार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं नाशकांत परिषद भरली आणि दुपारीं मिरवणूक निघाली. सुमारें पंधरा हजार लोक, चार चारांच्या रांगा, मैलभर लांबी. त्यांत स्त्रियाहि होत्या. एवढी मोठी आणि एवढी शिस्तीची मिरवणूक नाशकानें पूर्वीं पाहिली नव्हती. ती मंदिराशीं आली तों दरवाजे बंद आणि बाहेर जिल्ह्याचे अधिकारी व पोलीस उभे. मिरवणूक तेथून गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि घाटावर सभा झाली. दुसऱ्या दिवशीं, ३ मार्चला, पहिली तुकडी चार दरवाजांपुढें जाऊन बसली. तींत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. आंतून दारें बंद, बाहेर सत्याग्रही. जो कोणी दार उघडील त्याच्याबरोबर आंत जावयाचें, एवढाच त्यांचा बेत. म्हणून कोणी दार उघडीना. अशा रीतीनें दुसऱ्यांना आंत येऊं द्यावयाचें नाहीं म्हणून दारें लावणारे स्वतःहि दर्शनास मुकले. पंचवटीचा दिनक्रम ज्या दारांभोंवतीं फिरे तीं दारें महिनाभर उघडलीं नाहींत.

याच महिन्यांत, १२ मार्चला, महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि देशाचें लक्ष तिकडे लागलें. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत म्हणूनच त्या वर्षीं मिठाला पुष्कळ जागा मिळते आणि काळारामाच्या दरवाजांना थोडी. वस्तुतः दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकाच जातीचा होता: जें सर्वांचें आहे त्याला कुलूप घालण्याचा अधिकार कोणाचा? फरक एवढाच कीं, मिठाचें कुलूप परक्यानें घातलें होतें.

शहरांत तडजोडीचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखालीं नाशिककरांची सभा भरली, परंतु सनातनी पक्षाच्या मंडळींनीं दगड व जोडे फेकून ती उधळली. अशांत रामनवमी जवळ आली. दार बंद ठेवतां येतें, पण एकादशी टाळतां येत नाहीं. रथ तर बाहेर काढलाच पाहिजे. आणि रथ एकदां भिंतीबाहेर आला म्हणजे तो रस्त्यावर आला. रस्ता कोणाच्या मालकीचा?

शेवटीं तोड निघाली. रथ दोन्ही पक्षांच्या निवडक बलवान माणसांनीं मिळून ओढावा असें ठरलें. ही तोड सुचविणाऱ्याला पंचवटी चांगली कळली होती असें म्हणावें लागतें. गाभाऱ्याचा प्रश्न तिनें सोडविला नव्हता. परंतु दोरावर हात म्हणजे गांवांत जागा, हा जो अलिखित कायदा, त्यालाच तिनें हात घातला होता. कदाचित् म्हणूनच ती कित्येकांना दार उघडण्याहूनहि जड वाटली असेल.

९ एप्रिल १९३०. दुपारीं मुख्य दरवाजापाशीं हजारों लोक जमले. डॉ. आंबेडकर आपल्या निवडक जवानांसह तेथें उभे होते. ठरल्याप्रमाणें त्यांनीं दोराला हात घालावयाचा. परंतु ते रथाजवळ पोंचण्यापूर्वींच तेथें झटापट सुरू करण्यांत आली, आणि त्या गोंधळांत स्पृश्य मंडळींनीं रथ ओढून पळविला. जो रथ पावलापावलानें चालावयाचा, ज्याच्यापुढें मानकऱ्यानें उलट्या पावलीं चालावयाचें, तो रथ त्या दिवशीं धांवला! पुढें एका अरुंद रस्त्यावर सशस्त्र पोलिसांनीं कडें केलेलें होतें. तें कडें प्रथम फोडलें तें कद्रेकर नांवाच्या एका भंडारी तरुणानें. हा तरुण अस्पृश्य समाजांतला नव्हता, ही गोष्ट विसरतां कामा नये. त्याच्या मागोमाग सत्याग्रही दगडांच्या वर्षावांतून धांवले आणि त्यांनीं रथ गांठला. कद्रेकर रक्तबंबाळ होऊन खालीं पडला. डॉ. आंबेडकरांवरहि दगड आले. सहकाऱ्यांनीं त्यांच्यावर छत्र्या धरल्या, तरी त्यांना थोडी इजा झालीच. चैत्रांत छत्री धरतात ती उन्हासाठीं. त्या दिवशीं ती दगडांसाठीं धरावी लागली.

दगडफेक त्या एका रस्त्यावर संपली नाहीं. शहरांत जागोजागीं मारहाण झाली. त्याहून वाईट तें खेड्यापाड्यांत घडलें. अस्पृश्यांच्या मुलांना शाळांतून काढलें गेलें, रस्ते बंद झाले, दुकानदार मीठमिरची देईनात. मोठ्या शहरांतल्या एका दोराची किंमत जिल्ह्यांतल्या लहान लहान वस्त्यांनीं अशी दिली. ज्यांनीं पंचवटी कधीं पाहिलीहि नसेल अशा पोरांची पाटी यांत गेली, आणि शाळेंतून उठविलेलें मूल पुढें पुन्हां शाळेंत येतेंच असें नाहीं.

सत्याग्रह थांबत थांबत, पुन्हां पेटत, गायकवाडांच्या चिकाटीवर पांच वर्षें चालला. त्याचा सगळा क्रम येथें सांगण्याचें कारण नाहीं. ३ मार्च १९३४ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं गायकवाडांना पत्र लिहिलें. मंदिरप्रवेशाची ही चळवळ आपण अस्पृश्यांनीं मूर्तिपूजक व्हावें म्हणून हातीं घेतली नव्हती. लोकांना जागें करण्याचा आणि आपल्या स्थितीची जाणीव त्यांना करून देण्याचा तो मार्ग होता, आणि तें काम झालें आहे. आतां शक्ति शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, अशा आशयाचें तें पत्र आहे. पहिली तुकडी दारापुढें बसली तिला त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. पुढल्या वर्षीं, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, याच जिल्ह्यांतल्या येवल्यास त्यांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली, आणि काळारामाच्या दरवाजांशीं बसणें संपलें.

मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतांत १९४७ सालीं झाला आणि त्यानें पंचवटीचींहि दारें सर्वांना उघडीं केलीं. दहा वर्षांनीं, १९५७ च्या निवडणुकींत, नाशिककरांनीं आपला प्रतिनिधि म्हणून लोकसभेवर ज्यांना पाठविलें ते भाऊराव कृष्णाजी गायकवाड होते.