मुलाच्या तोंडचा प्रश्न : बेने इस्रायली धर्मशिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

धर्म मुलांपर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न माहूरला नवा नाही. इथले मूल पाटी हातात घेण्याआधीच रेणुकेच्या पायऱ्या चढलेले असते. दत्तशिखर, अनसूयेचे शिखर, सोनापीरचा दर्गा ही त्याला ओळखीची ठिकाणे असतात. दत्तात्रेयप्रभूंना पंचकृष्णांपैकी एक मानणारे महानुभाव देवदेवेश्वरीला येतात, तेही ते पाहत असते. याच महानुभावांच्या परंपरेत एक निर्णय नोंदलेला आहे. पंथातले संस्कृत जाणणारे विद्वान संस्कृतात लिहू पाहत होते. पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे झाले तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. तेराव्या शतकातला हा विचार शिक्षणाचाच विचार होता : जाणत्यांची भाषा वेगळी आणि शिकणाऱ्यांची वेगळी असेल, तर ग्रंथ कोणाच्या बाजूने उभा राहणार?

सहा शतकांनी हाच प्रश्न कोकणातल्या आणि मुंबईतल्या मराठी ज्यूंसमोर आला, आणि त्यांच्यापुढे तो मुलांच्या रूपाने उभा राहिला. त्यांनी दिलेले उत्तर समजून घेणे हा या अभ्यासक्षेत्राचा गाभा आहे. माहूर, किनवट, नांदेड, लातूरकडच्या वाचकांचे या क्षेत्रात मी मनापासून स्वागत करतो. विषय दूरचा वाटेल, पण त्याची भाषा आपली आहे.

या मराठी ज्यूंचा बेने इस्रायल हा समाज कोकणच्या खेड्यांत तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आले, ही त्यांची परंपरागत आठवण. बराच काळ त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता, ना हिब्रू वाचणारा गुरू. तरीही आठव्या दिवशी सुंता होत होती, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला जात होता आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची ग्वाही प्रत्येक प्रसंगी उच्चारली जात होती. खवले आणि पर नसलेला मासा चुलीवर चढत नव्हता. हे सारे मुलांना कोणी शिकवले? घराने, आणि त्यातही स्वयंपाकघराने. त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकली की हे कळते : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वर्षाचे धार्मिक चक्र मुलाच्या ताटात वाढले जात होते. धर्मशिक्षणाचा अभ्यास शाळेच्या पटापासून सुरू केला, तर हा सगळा काळ आपल्या नजरेतून निसटतो.

अक्षर मागाहून आले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. कोचीनचे ज्यू शिक्षक हिब्रू प्रार्थना शिकवायला येऊ लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण 1832 चे आहे. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला. शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याने केलेला उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी असतात. या क्षेत्रात काम करणाऱ्याने हे सतत ध्यानात ठेवावे.

1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा शिळाछापावर छापली गेली. पेसाहच्या रात्री, सेदरच्या भोजनाच्या वेळी, मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा ज्या पोथीतून वाचतात, ती हागादा. तिची रचना शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. या रात्रीचे वेगळेपण कशात, हे घरातल्या सर्वांत धाकट्याने विचारायचे असते, आणि मोठ्यांची कथा त्याच्या विचारण्यातून सुरू होते. पुढे चार मुलगे येतात : शहाणा, उद्धट, भोळा, आणि ज्याला विचारताच येत नाही असा चौथा. प्रत्येकाला त्याच्या परीने उत्तर द्यायचे. चौथ्यासाठी तर बापाने आपणहून सुरुवात करायची. मूल गप्प आहे म्हणून ते शिक्षणाबाहेर गेले, असे ही परंपरा मानत नाही. पण धाकट्याने पाठ केलेले हिब्रू शब्द त्याला स्वतःलाच कळत नसतील, तर विचारणे हा केवळ विधी उरतो. हिब्रूशेजारी मराठी छापली गेली आणि मुलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्याचा झाला. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र हागादेत मात्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकर, तयार करणाऱ्या बाया आपल्याकडच्या लुगड्यात दिसतात. मिसरमधून सुटलेली माणसे ही आपलीच माणसे, हे मुलाला सांगायला तेवढे चित्र पुरेसे होते.

पुढच्या पिढीने हे काम मोठे केले. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा निघाली. तीच पुढे माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल झाली. रिबेका रूबेन यांनी 1922 पासून 1950 पर्यंत तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. शाळेत हिब्रू होते, सरकारी अभ्यासक्रमही होता. एकाच वेळापत्रकात दोन्ही बसवण्याची कसरत जगभरच्या ज्यू शाळांना करावी लागते. शाळा निघाली त्याच सुमारास, 1880 च्या आगेमागे, या समाजाने कीर्तनाचा मराठी प्रकार आपलासा केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने पदे आणि निरूपणासह रंगू लागली. ज्या मुलाला वर्गात हिब्रूचा कंटाळा आला असेल, त्यालाही योसेफाला विहिरीत टाकणारे भाऊ कीर्तनात भेटले.

या प्रयत्नांमागे फार जुनी शिस्त होती. तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या सांगण्यानुसार यहोशुआ बेन गामला यांनी गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवण्याची सोय केली. आधी बाप असलेल्या मुलालाच विद्या मिळे. आता पोरक्यालाही मिळू लागली. एका शिक्षकाकडे 25 मुले, 40 झाली तर मदतनीस, असा हिशेबही तिथे आहे. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नामध्ये वयाचे टप्पे सांगितले आहेत : पाचव्या वर्षी शास्त्रग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी आज्ञांची जबाबदारी. आजच्या ज्यू प्राथमिक शाळेतला धर्माचा तास याच पायावर उभा असतो : 22 अक्षरे, रोजच्या प्रार्थना, तोरेचा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचा, आठवड्याचा पाठ, सणांचे नियम आणि त्यामागच्या कथा.

अभ्यासकाने या क्षेत्रात तीन प्रश्न घेऊन यावे. मूल काय पाठ करते आणि त्यातले त्याला काय कळते? शिकवते कोण : आई, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हज्जान की पगारी शिक्षक? आणि शिकलेले ते कुठे वापरते? साधने विखुरलेली आहेत. छापील हागादा, समाजाची मासिके, शाळेचे अहवाल आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, सारे एकत्र वाचावे लागते. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, म्हणून यातला बराच भाग आज तिकडच्या मराठी बोलणाऱ्या घरांत आहे.

चौथा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे : वेगवेगळ्या धर्मांची मुले एका वर्गात बसतात, तिथे धर्माचे काय शिकवायचे? माझगावच्या शाळेत आज बहुसंख्य मुले ज्यू नाहीत. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते कोणावर लादता येत नाही; अज्ञान मुलासाठी पालकाची संमती लागते. धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांतली ही सीमा प्रत्येक शिक्षकाने ओळखायला हवी. सीमेच्या अलीकडेही करण्यासारखे पुष्कळ आहे. माहूरच्या वर्गात सेदरच्या रात्रीची गोष्ट सांगता येईल. ती ऐकून एखादी मुलगी विचारील, आपल्या घरी सणाला असे कोण विचारते? तिला उत्तर देण्याची तयारी असलेले शिक्षक घडावेत, एवढ्यासाठी हा अभ्यास मराठीत व्हायला हवा. ज्यांना तो करायचा आहे, त्यांनी जरूर यावे. काम पुष्कळ आहे आणि साधने अजून हाताशी आहेत.

— माहूर