बैठक, खाट आणि खुर्ची

घर कशाने सुखाचे होते, या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर तयार असते: माणसांनी. हे उत्तर खरे आहे, पण ते अपुरे आहे. दिवसभर राबून आलेला माणूस घरात पाऊल टाकतो तेव्हा तो प्रथम बूड टेकायला जागा शोधतो. ती जागा किती उंच असावी, किती मऊ असावी आणि मुख्य म्हणजे तिच्यावर कोणी बसावे, हे त्याच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी ठरवून ठेवलेले असते. राजांच्या लढाया आणि तहनामे यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. गादी, लोड, खाट व खुर्ची यांनाही इतिहास आहे, आणि त्यात लढायाही आहेत, तहही आहेत.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुर्ची साहेबाने आणली, त्यापूर्वी आपण सारे जमिनीवर बसत होतो, असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः उंच आसन आपल्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. अथर्ववेदाच्या व्रात्यकांडात व्रात्यासाठी ‘आसंदी’ आणल्याचे वर्णन आहे, आणि राज्याभिषेकाच्या विधीतही आसंदी येते. बौद्ध भिक्षूंना उंच व मोठी आसने-शय्या वर्ज्य होत्या. जी वस्तू कोणी वापरीतच नाही, तिची मनाई कोण कशाला करील? अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील किंवा वेरूळच्या १० व्या लेण्यातील बुद्धमूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल की तेथे बुद्ध मांडी घालून बसलेला नाही. दोन्ही पाय खाली सोडून, आपण खुर्चीवर बसतो तसा तो सिंहासनावर बसला आहे. शिल्पशास्त्रात या बैठकीला प्रलंबपादासन असे नाव आहे.

तेव्हा वस्तू होती, ज्ञानही होते. मात्र ते आसन देवाचे, राजाचे, गुरूचे होते. उंच बसणे हा विसाव्याचा नव्हे, मानाचा प्रकार होता. विसाव्याची सोय निराळी होती आणि ती कशी होती हे वात्स्यायनाने मोठ्या रसिकतेने सांगून ठेवले आहे. कामसूत्रातल्या नागरकाची खोली आठवा. मऊ बिछाना, दोन्ही बाजूंना उशा, वर पांढरी चादर, शेजारी एक लहानशी शय्या. उशाशी फळी, तिच्यावर उटी, माळा, विडे. खाली पिकदाणी, खुंटीला टांगलेली वीणा, चित्र काढायची फळी, एखादे पुस्तक. जमिनीवर टेकायच्या उशीसकट गोल आसन आणि सोंगट्यांचा पट. बाहेर बागेत सावलीला झोपाळा. इतक्या शतकांनंतरही या यादीतून काढून टाकावे असे मला फारसे काही सापडत नाही. पिकदाणी मात्र गेली तर हरकत नाही. या खोलीत सामान थोडे आहे, आणि जे आहे ते हाताशी आहे. घर सजविण्याविषयी पुढच्या काळात कितीतरी लिहिले गेले, त्यात याहून शहाणपणाचे थोडेच आहे.

मराठी वाड्यातली बैठक ही याच परंपरेतली. खाली जाजम किंवा सतरंजी, त्यावर गादी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, भिंतीशी लोड, दोहों बाजूंना तक्के, हाताखाली गिरदी. या सगळ्याला मिळून बिछायत म्हणत. कापसाची गादी वर्षा-दोन वर्षांनी दडपून जाते. मग पिंजारी येई, आणि त्याच्या धनुकलीचा तुण्-तुण् आवाज आळीभर घुमे. कापूस पुन्हा फुले, गादी नवी होई. उशांसाठी सावरीचा कापूस पसंत करीत, कारण तो हलका. लोडाचे काम तर वैद्याने सांगावे असे आहे. मांडी घालून बसणाऱ्याची कंबर थोड्या वेळाने मागे झुकते. नेमक्या त्या ठिकाणी लोड आधार देतो, आणि माणूस तासन् तास गाणे ऐकू शकतो.

पण बिछायतीचा खरा गुण हा की ती गुंडाळता येते. सकाळी वळकट्या उचलल्या की झोपायची खोली नाहीशी होते. दुपारी पाट मांडले की तीच जेवणघर, संध्याकाळी जाजम पसरले की तीच कचेरी, आणि एकादशीला तीच कीर्तनाची जागा. खुर्ची-टेबल मांडलेल्या खोलीला एकच धंदा करता येतो. रिकाम्या जमिनीला सगळे धंदे येतात. आपली भाषाही या गुंडाळण्या-पसरण्याने भरलेली आहे. आपण पथारी पसरतो, बस्तान बसवतो आणि बिनसले की गाशा गुंडाळतो.

आता तहाकडे वळू. १७९० साली टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रज यांच्यात पुण्याला तह झाला. त्या दरबाराचे टॉमस डॅनियलने पुढे रंगविलेले मोठे चित्र प्रसिद्ध आहे. ते १८०५ सालचे. सवाई माधवराव पेशवे आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्यात आहेत. चित्रात खुर्ची नाही. घट्ट तुमानी घातलेले इंग्रज पाय कसेबसे दुमडून बिछायतीवर बसले आहेत. यांच्या आधी पावणेदोनशे वर्षे, जहांगीराचा मुलगा परवीझ याच्या बऱ्हाणपूरच्या दरबारात सर टॉमस रोने खुर्ची मागितली होती, तेव्हा येथे कोणी बसत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. ज्याची सत्ता त्याचे आसन. पुण्यात १८१८ पर्यंत पाहुण्याने यजमानाप्रमाणे बसावयाचे होते. त्यानंतर यजमान बदलला.

मग खुर्ची आली ती सरकारी कचेरीतून आली. साहेब खुर्चीवर, कारकून मेजाशी, अर्जदार उभा. साहेबापुढे कोणाला खुर्ची मिळावी हा केवढा गंभीर विषय होऊन बसला, याची आज कल्पना येत नाही. उत्तर हिंदुस्थानात ‘कुर्सीनशीन’ असा मानच ठरला होता आणि तसे दाखले दिले जात. ते दाखले लोक जपून ठेवीत. चार लाकडी पायांसाठी माणसाने दाखला मिळवावा, यात हसण्यासारखे आहे तितकेच खिन्न होण्यासारखेही आहे. भाषेनेही बदल टिपला. आपण सातारची गादी, कोल्हापूरची गादी असे म्हणत होतो. पुढे सत्तेचे नाव खुर्ची झाले. आज मंत्री गादीसाठी भांडत नाहीत.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण घेऊ. खुर्ची हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आला. दिवाण हा फारसी. त्याचा अर्थ आधी नोंदवही, मग कचेरी, मग कचेरीतली लांब बैठक असा सरकत गेला. आपल्या जुन्या घरांतला सोपा आणि इंग्रजांचा सोफा यांची नाळ एकाच अरबी शब्दाशी, ‘सुफ्फा’ म्हणजे उंचवट्याच्या ओट्याशी, जुळते असे दिसते. म्हणजे सोप्यावर सोफा ठेवणारा माणूस एकच शब्द दोनदा मांडीत असतो! खाट हा शब्द इंग्रजांनी नेला, त्याचा ‘कॉट’ केला, आणि आपण तो कॉट म्हणून मोठ्या कौतुकाने परत घेतला. तिपाई तशीच गेली. चहाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण इंग्रजी कानाला तिच्यात ‘टी’ ऐकू आला, आणि टीपॉय बनून ती आपल्या दिवाणखान्यात चहाचे पेले झेलायला उभी राहिली.

एकोणिसाव्या शतकात सुखवस्तू घरांत खुर्च्या शिरल्या त्या आरामासाठी नव्हेत. मुंबईत शिसवी लाकडाच्या, वेलबुट्टीने खच्चून भरलेल्या खुर्च्या आणि कोच तयार होत. ते काम अप्रतिम आहे, पण ते लांबून पाहावे. टेकून बसले की सगळी वेलबुट्टी पाठीला टोचते. मखमलीचे कोच तर आपल्या हवेचे वैरीच. याउलट वेताने विणलेली बैठक पाहा. वारा आरपार जातो, घाम धरत नाही, भार सारखा वाटला जातो. गोव्याच्या घरांतून आणि जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांतून लांब हातांच्या, पाय वर घेऊन पहुडायच्या वेताच्या खुर्च्या दिसतात, त्या या हवेला ओळखून केलेल्या आहेत. आणि आपली कापडी आरामखुर्ची! चार दांड्या आणि एक कापडाचा झोळ. ते कापड ज्याच्या त्याच्या पाठीचा आकार घेते, आणि काम झाले की खुर्ची मिटून भिंतीशी उभी राहते. वळकटीचा गुण जिने उचलला अशी ही एकच खुर्ची, म्हणूनच ती मध्यमवर्गीय घरात इतकी रुळली.

व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून एक खुर्ची काढली. तिला लाकडाचे सहाच तुकडे आणि थोडे स्क्रू लागत, आणि सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. त्या घराण्यातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांनी मांडल्या. तेथे दीड-दोन आण्यांच्या चहावर कामगार, कारकून आणि कवी सारखेच बसले. दाखला लागला नाही.

पण घराचे काय? घरातली आरामखुर्ची कर्त्या पुरुषाची. तो बाहेर गेला तरी ती रिकामी राही. जुनी छायाचित्रे काढून पाहा: खुर्ची एक, नवरा-बायको दोन. बहुधा एक बसलेला आणि एक उभी. वडीलधाऱ्यांसमोर सुनेने खुर्चीवर बसणे ही गोष्ट विसाव्या शतकातही कितीतरी वर्षे घडत नव्हती. तिची बैठक चुलीपाशी. चूल जमिनीवर, जाते जमिनीवर, विळी जमिनीवर. विसावा मिळालाच तर माजघरातल्या झोपाळ्यावर, तोही पुरुष मंडळी बाहेर असताना. विधवेची गोष्ट तर याहून कठोर. विधवेने पलंगावर निजल्यास पतीला अधोगती मिळते, असे काशीखंडासारख्या ग्रंथांनी सांगून ठेवले होते. म्हणून गादीने भरलेल्या घरात ती घोंगडीवर निजे. कापूस महाग होता म्हणून नव्हे.

आणि ज्याला जमीनसुद्धा दिली नव्हती त्याचे काय? डॉ. आंबेडकरांनी आपल्या शाळेतली हकीकत लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळेचा शिपाई त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून तो तुकडा संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बिछायत गुंडाळता येते हा तिचा गुण मी मघाशी सांगितला. एका मुलाच्या काखेत गुंडाळलेला हा गोणपाटही त्याच परंपरेतला आहे, आणि आपण तो या इतिहासातून वगळू शकत नाही. गावच्या चावडीवर, पाटलाच्या खाटेसमोर कोण बसे आणि कोण दूर उभे राही, हे सारे गाव जाणत होते.

मुंबईच्या चाळीने यातल्या काही गोष्टी मोडल्या, त्या तत्त्वाने नव्हे, जागेच्या टंचाईने. बी. डी. डी. चाळींची खोली १६० चौरस फुटांची. त्यात आई-बाप, चार मुले, गावाकडून आलेला पाहुणा. लोखंडी खाट विटांवर चढवावयाची. खाली ट्रंका, धान्याचे डबे, पाण्याचा हंडा आणि रात्री दोन मुले. खाट लोखंडी घेण्यामागे आणखी एक कारण होते, ते म्हणजे ढेकूण. लाकडाच्या सांध्यांत आणि नवारीच्या विणीत त्यांची वंशावळ नांदे. लोखंडावर उकळते पाणी निर्धास्त ओतता येई. १८९७ साली कुलपांपासून सुरू झालेल्या गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे काढली, आणि पुढे कपाट म्हणजेच गोदरेज असे समीकरण झाले. ज्या घरात खुर्ची एकच होती त्या घरातही लग्नाच्या मुलीबरोबर कपाट जाऊ लागले. त्याच्या दारावरचा आरसा हा पुष्कळ स्त्रियांना मिळालेला पहिला पूर्ण उंचीचा आरसा होता. कपाटात साड्यांखाली ठेवलेली चार नोटांची घडी आणि त्याची किल्ली कमरेला, हाही एक प्रकारचा विसावा होता. बसायचा नसला तरी.

उभ्या ओट्याने स्त्रीला जमिनीवरून उठविले. पाठ वाकायची थांबली, पाय मात्र दुखू लागले. ओट्याशी एक उंच स्टूल ठेवावे, हे इतके साधे असूनही आपल्या घरांत ते अजून क्वचितच दिसते.

१९९० नंतर प्लॅस्टिकच्या एकसंध साच्यातल्या खुर्च्या गावोगाव पोचल्या. ती खुर्ची देखणी नाही. उन्हात तडकते, जड माणसाखाली पाय फाकते. पण चावडीपुढे, मांडवात, व्याख्यानाच्या मैदानावर ती सगळ्यांना सारखी मिळते, आणि पाटलाची खुर्ची कोणती हे ओळखू येत नाही. याच मैदानांवर पुढे थोडी जागा राखून ‘भारतीय बैठक’ अशी पाटी लावतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी पाटी कोणी लावली नसती. बैठकीला विशेषण लागले ते खुर्ची आल्यावर. आता गुडघे दुखणारी वडील मंडळी खुर्च्यांवर बसतात आणि तरुण मुले पुढे जाजमावर. मानाची उतरंड पार उलटून गेली आहे.

आणि घरोघरचा सोफा? तो हप्त्यांवर घेतला जातो, त्यावर खोळी चढतात, पाहुणे आले की ते त्यावर बसतात. पाहुणे गेले की घरची मंडळी खाली उतरतात, फरशीवर पाय पसरतात, पाठ सोफ्याला टेकवतात आणि शेंगा सोलायला घेतात. चाळीस हजारांचा तो सोफा त्या वेळी लोडाचे काम करीत असतो.