मुंबईतील सार्वजनिक पुतळे आणि त्यांचे शिल्पकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सार्वजनिक पुतळ्यांचा अभ्यास करताना पुतळा कोणाचा, तो कोणी उभारला आणि त्यामागील राजकीय हेतू कोणता, या प्रश्नांना सामान्यतः प्राधान्य दिले जाते. पुतळा कोणी घडविला, हा प्रश्न मागे पडतो. मुंबईच्या संदर्भात मात्र याच प्रश्नातून शहराच्या सांस्कृतिक इतिहासातील एक महत्त्वाचे स्थित्यंतर स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

देशी देणग्या, विलायती शिल्पे

इ. स. १८६४ मध्ये उभारलेल्या फ्लोरा फाउंटनचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, तर त्यावरील शिल्पकाम जेम्स फोरसाइथ यांचे होते. इ. स. १८७२ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. तो मॅथ्यू नोबल यांनी घडविला. मात्र त्याचा खर्च बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी केला होता. इ. स. १८७९ मध्ये अनावरण झालेला प्रिन्स ऑफ वेल्स यांचा अश्वारूढ पुतळा, म्हणजेच ‘काळा घोडा’, जोसेफ एडगर बोम यांची कृती. त्याचे देणगीदार मुंबईचे व्यापारी अल्बर्ट ससून होते. या दोन्ही पुतळ्यांसाठी द्रव्य भारतातून उभे राहिले. कलाकुसर मात्र इंग्लंडमध्ये झाली. जनतेने हे पुतळे निमूटपणे स्वीकारले असेही नाही. व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला इ. स. १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकर यांनी डांबर फासले.

अलंकरणाकडून व्यक्तिशिल्पाकडे

मुंबईतील सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना इ. स. १८५७ मध्ये झाली. इ. स. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग येथे शिल्पकलेचे अध्यापक म्हणून रुजू झाले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उत्थित शिल्पे त्यांचीच. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या) अलंकरणात या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. परंतु घुमटावरील ‘प्रगती’ची मूर्ती टॉमस अर्प यांच्याकडून करवून घेण्यात आली. पानाफुलांची नक्षी स्थानिकांकडे आणि प्रमुख मानवाकृती विलायतेकडे, अशी ही विभागणी होती. इ. स. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर याला उल्लेखनीय अपवाद ठरतो. पश्चिम भारतातील विविध समाजांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्यावरील मूर्ती रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडविल्या.

पुढील पिढीने ही विभागणी मोडली. गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांनी कलाशाळेत विद्यार्थी असतानाच इ. स. १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प साकारले आणि यथार्थवादी मानवाकृती ही युरोपीयांची मक्तेदारी नाही, हे सिद्ध केले. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे पुतळे म्हात्रे यांचेच. गिरगाव चौपाटीवर, जेथे इ. स. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले, तेथे इ. स. १९३३ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडविला. अलिबागजवळील सासवणे येथील विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यासाठी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविला, इ. स. १९२८ मध्ये अनावरण झालेल्या या पुतळ्याचे ओतकाम मुंबईतच झाले होते.

स्थलांतर आणि स्मृती

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांचे पुतळे चौकांतून हलविण्यात आले. इ. स. १९६५ मध्ये ‘काळा घोडा’ भायखळ्याच्या उद्यानात गेला. व्हिक्टोरियाचा पुतळाही तेथे आहे. परंतु त्या परिसराचे नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. अखेर इ. स. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प उभे राहिले. त्याचे शिल्पकार श्रीहरी भोसले होत. स्वार विस्मृतीत गेला, घोडा मात्र लोकस्मृतीत टिकला, असे म्हणता येईल.

समारोप

‘वसाहतवादी’ आणि ‘राष्ट्रीय’ अशी पुतळ्यांची सरळ विभागणी राजकीय इतिहासाच्या दृष्टीने सोयीची असली, तरी कलेच्या इतिहासाला ती अपुरी पडते. अहमदाबादसाठी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा घडविणारे म्हात्रे आणि मुंबईसाठी रानडे घडविणारे म्हात्रे एकच होते. त्यामुळे राणीचा पुतळा केवळ परसत्तेचे चिन्ह म्हणून बाजूला सारला, तर एका मराठी शिल्पकाराच्या कामगिरीचा पुरावाही त्याबरोबर नजरेआड होतो. पुतळ्याची जागा बदलण्याचा अधिकार प्रत्येक काळाला असतो. तो घडविणाऱ्याची नोंद पुसण्याचा मात्र नसतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांकडून आपापल्या शहरातील पुतळ्यांची सूची शिल्पकार, साध्य, वर्ष आणि मूळ स्थान यांसह करवून घेतली, तर ही उणीव महाविद्यालयीन पातळीवरही बऱ्याच अंशी भरून निघू शकेल.