सुपाचं अंतर

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटली तशी तिने रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचून दाखवली. चार दिवसांनी तांदूळ निवडायला बसली, तर खडे दिसेनात. बाई जन्माची उणे नंबरवाली. चष्मा कपाळावर सारून सुई नाकाशी धरली की नेढं स्वच्छ दिसायचं; त्या डोळ्याचं ते सुख गेलं. ‘दूरचं हवं की जवळचं?’ असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तसा हा प्रश्न फार जुना नाही. पूर्वी गढूळ भिंग काढत आणि जागा रिकामी ठेवत. मग अधिक दहाच्या आसपासचा चष्मा लागे, सोडाबाटलीच्या बुडासारखा. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसे आणि जिना उतरताना पायरी हुके.

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ४५ वर्षांच्या एका बाईच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग घातलं. युद्धात कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि तिथे बिनबोभाट पडून होते. भिंगासाठी पर्स्पेक्स सुचलं ते त्यावरून. ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. त्या बाईच्या चष्म्याचा नंबर मात्र उणे १८ च्याही पुढे गेला, हे सहसा कुणी सांगत नाही. भिंगाची गोलाई निसर्गाची घेतली, पण पर्स्पेक्स प्रकाशाला जास्त वाकवतं. डोळ्याने भिंग ठेवून घेतलं. फसला तो हिशेब. माझ्या मते आत्याच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. आत बसवलेला नंबर चुकू शकतो, म्हणजे तो ठरवताही येतो.

ठरवायला मोजमाप हवं. १९६७ मध्ये सोव्हिएत संघात फ्योदोरॉव्ह यांनी त्याचं सूत्र मांडलं. १९८० च्या सुमारास अमेरिकेतलं सोपं ‘एसआरके’ सूत्र आलं. बुबुळाची गोलाई मोजायची, सोनोग्राफीच्या लहरींनी डोळ्याची लांबी मोजायची. त्यात एक मिलिमीटर चुकला की अडीच-तीन नंबरांचा घोळ. पुढे दूर-जवळ दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल भिंगं आली. पण त्यांत काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. रात्रपाळीच्या रिक्षावाल्याला ती कशी देणार?

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मीच आधी विषय काढला. डॉक्टर म्हणाले, “उणे अडीच ठेवलं तर ४० सेंटिमीटरवरचं वाचता येईल, पण दोन डोळ्यांत फरक फार पडेल. उणे दीड बघू. आजी, तांदूळ निवडताना सूप कुठे असतं?”

आत्याने खुर्चीवरच मांडी घातली आणि हाताने दाखवलं. डॉक्टरांनी खणातून टेप काढली.

“पासष्ट,” ते म्हणाले.