मुक्कामाचा खर्च आणि मुक्त शिक्षण

जांब समर्थसारख्या गावातून उच्च शिक्षण महाग पडते ते मुख्यतः मुक्कामामुळे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातल्या या गावाच्या मुलांना पुढचे शिकायचे तर परगावी खोली बघावी लागते, डबा लावावा लागतो, आणि घरच्या शेतातले दोन हात तीन वर्षे कमी होतात. कला किंवा वाणिज्य शाखेत फीपेक्षा हाच भार जड असतो. म्हणून ऑनलाइन पदवी स्वस्त की महाविद्यालयातली, हे नुसत्या फीच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

याच गावात १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास बाराव्या वर्षी घर सोडून नाशिकजवळ टाकळीला गेले आणि तिथे बारा वर्षे साधना व अध्ययन करत राहिले, असे परंपरा सांगते. पोटासाठी माधुकरी होती. पुढेही कित्येक पिढ्या गरीब विद्यार्थ्यांचा प्रश्न असाच सुटत आला: माधुकरी मागायची, नाहीतर वार लावून रोज वेगळ्या घरी जेवायचे. या सोयीने अनेकांना शिकवले हे खरे. पण तिला जातीचे कुंपण होते आणि मुलींसाठी ती नव्हतीच.

मराठवाड्यातला हा भाग निजामी राजवटीत होता, तेव्हा ही वाट आणखी लांबली. १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला गावाबरोबर भाषाही मागे ठेवावी लागे. औरंगाबादला १९२३ मध्ये सरकारी महाविद्यालय निघाले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. माधुकरीच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या मुलांना तिथल्या वसतिगृहांमुळे शिकणे शक्य झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले.

विद्यार्थ्याने जायचे, त्याऐवजी शिक्षणानेच यावे, हा विचार याच सुमारास रुजत होता. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, तर ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. एकट्याने वाचून समजावीत अशी मराठी पुस्तके, आधीच्याच महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे, ठरावीक दिवशी संपर्कसत्रे, अशी त्याची रचना होती. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही होता. लग्नानंतर शाळा सुटलेली सून, शेत सोडता न येणारा तरुण, नोकरीतला शिपाई यांच्यासाठी ही सोय फार मोलाची ठरली. पुढे ऑनलाइन पदव्यांनी जे वाचवले, त्यातले बहुतेक, म्हणजे खोली, डबा आणि बुडणारी मजुरी, या पुस्तकांनी आधीच वाचवले होते.

केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा अभ्यासक्रमांचा मंच २०१७ मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्र नियम केले आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, हे सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे प्रवेशाआधी निवडलेल्या संस्थेला त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे पाहणे अत्यावश्यक ठरते. मान्यता नसेल तर स्वस्त फीसुद्धा वाया जाते.

काही खर्च मात्र रूप बदलून परत येतो. छापील पुस्तकाला रेंज लागत नाही, व्हिडिओला लागते. कोरोनाच्या टाळेबंदीत एकाच मोबाइलवर घरातल्या दोन-तीन मुलांचे तास आले, तेव्हा ही उणीव गावोगाव दिसली. शंका विचारायला शेजारी बसलेला सोबती, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची भरपाई पडद्यावर पुरती होत नाही, आणि सतरा-अठराव्या वर्षी प्रथमच घराबाहेर पडू पाहणाऱ्या मुलीसाठी तर हा तोटा मोठा आहे.

शिवाय अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, कृषी अशा शाखांच्या पदव्या या मार्गाने देण्यास आयोगाची मनाई आहे. त्यांच्यासाठी आजही गाव सोडावेच लागते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्यासाठी रक्कम देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. त्या माफीत खोलीचे भाडे आणि जेवण मात्र येत नाही.