गर्भवतीचे पोषण : जालना जिल्हा

गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत मातेला मिळणारा आहार व त्यावर अवलंबून असलेली गर्भाची वाढ. गर्भाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात ती नळी) चौथ्या आठवड्याअखेर मिटते. म्हणून ती नीट मिटण्यासाठी लागणारे फॉलिक आम्ल गर्भधारणेआधीच सुरू करणे हितावह. दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज लोहगोळी (६० मिग्रॅ. लोह) देतात; ती चहासोबत घेतल्यास लोहाचे शोषण घटते. बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी या स्थानिक जेवणाला, लोह नीट शोषले जावे म्हणून, लिंबाची जोड द्यावी. अंगणवाडीतून रोज ६०० किलोकॅलरी व प्रथिने देणारा पूरक आहार मिळतो. अंबड, घनसावंगी भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात; तेव्हा गर्भवतीच्या तपासण्यांत व आहारात खंड पडतो. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे आणि मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीत नोंद करावी.