कळसूत्री बाहुल्या आणि नृत्यकाराची पहिली कृति

आपल्या भाषेंत ‘कळसूत्री बाहुलें’ हा शब्द निंदेचा आहे. ज्याला स्वतःची बुद्धि नाहीं, दुसऱ्यानें दोरी ओढली कीं जो हालतो, त्याला आपण तें नांव देतों. परंतु १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘लिट्ल बॅले ट्रूप’ या नर्तकसंघानें याच बाहुल्याच्या रूपानें भारतीय नृत्याला एक नवें स्वातंत्र्य मिळवून दिलें. नर्तकाचा रचनाकार केव्हां होतो, या प्रश्नाचें उत्तर त्या हकीगतींत सांपडतें.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाहीं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील झाडीपट्टींत दंडार रात्रभर रंगते. पण त्यांतील अमुक पदन्यास प्रथम कोणी बसविला, असें विचारल्यास उत्तर मिळत नाहीं. गोंडांच्या गांवीं फेर धरून होणाऱ्या नृत्याचीहि तीच स्थिति. तें नृत्य सर्वांचें, म्हणून कोणा एकाचें नव्हे. शास्त्रीय नृत्यांतहि गुरूनें दिलेलें तंतोतंत उतरविणें हीच बहुधा शिष्याची कसोटी. रंगमंचावर अनेकांना हालवून “ही माझी रचना” असें म्हणणारा मनुष्य विसाव्या शतकांत पुढें आला.

त्यांत अग्रभागीं उदय शंकर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व पुढें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें ते चित्रकला शिकले. कोणत्याहि गुरूपाशीं त्यांनीं रीतसर नृत्यशिक्षण घेतलेलें नव्हतें. १९२३ सालीं सुप्रसिद्ध रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा हिच्यासाठीं त्यांनीं हिंदु विवाह व राधा-कृष्ण या विषयांवर दोन नृत्यें रचलीं. पहिली रचना झाली ती चित्रकाराच्या डोळ्यानें! पुढें अल्मोड्यास त्यांनीं कलाकेंद्र काढलें. तेथें कथकळीचे शंकरन् नंबूद्री, भरतनाट्याचे कंदप्पा पिल्ले यांसारखे गुरु शिकवीत. शिवाय विद्यार्थ्यांनीं स्वतःच्या कल्पनेनें हालचाली शोधून काढाव्यात, असाहि तेथील शिक्षणाचा भाग होता. पुढें पैशांच्या अभावीं तें केंद्र बंद पडलें; पण तेथून बाहेर पडलेल्या मंडळींनीं जागोजाग नवीं नृत्यनाट्यें उभीं केलीं.

त्यांपैकींच एक शांति बर्धन. त्यांचा जन्म १९१६ सालीं बंगालमधील कोमिल्ला येथें झाला. अल्मोड्याहून ते मुंबईस आले आणि अंधेरीस राहणाऱ्या ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकाला ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ हें नृत्यनाट्य त्यांनीं बसवून दिलें. १९४३ चा बंगालचा दुष्काळ लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता. राजे आणि अप्सरा यांच्या जागीं रंगमंचावर उपाशी माणूस आला. विषयानेंच येथें नवी रचना मागून घेतली.

परंतु त्यांची खरी परीक्षा पुढेंच होती. क्षयानें त्यांना गांठलें आणि त्यांत एक फुप्फुस गेलें. नर्तकाचें शरीर हेंच त्याचें भांडवल, तेंच बुडालें! दुसरा कोणी असता तर त्यानें कलेचा निरोप घेतला असता. बर्धनांनीं नवा संघ उभारून ‘रामायण’ हातीं घेतलें. जत्रेंतील बाहुल्यांचा खेळ, अशी त्याची कल्पना. मुखवटे घातलेले जिवंत नर्तक लांकडी बाहुल्यांप्रमाणें मान वळवितात, मनगटें झटक्यानें फिरवितात. सिंधुदुर्गांत पिंगुळीच्या ठाकरांकडून बाहुल्यांचें रामायण ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं. मात्र तेथें बाहुलें माणसाचें सोंग घेतें, येथें माणूस बाहुल्याचें. यामुळें एकेका नर्तकाचा डौल मागें पडून सबंध चित्र बोलूं लागतें. स्वतः नाचणें दुरापास्त झालेल्या माणसालाच ही दृष्टि लाभावी, हा निव्वळ योगायोग नसावा, असें माझें अनुमान आहे.

१९५४ सालीं बर्धन निवर्तले. पंचतंत्रांतील मित्रप्राप्तीच्या कथेवरील त्यांचें नृत्यनाट्य अपुरें राहिलें होतें. आतां दोरी ओढणारा हातच नाहींसा झाला. बाहुल्या निश्चेष्ट पडावयाच्या! पण तसें झालें नाहीं. त्यांच्या पत्नी गुल बर्धन, प्रभात गांगुली आदि सहकाऱ्यांनीं तें पुरें करून रंगमंचावर आणलें. गांगुलींनीं पुढें संघासाठीं स्वतंत्र रचना केल्या. संघाचें बिऱ्हाड ग्वाल्हेरीस व नंतर भोपाळास गेलें, आणि २०१० सालीं निधन होईपर्यंत गुल बर्धन यांनीं तो सांभाळला.

गुरूचें अनुकरण करणारा शिष्य आणि स्वतः रचणारा कलावंत यांच्यामधील भिंत आपण समजतों तितकी उंच नसते. दुसऱ्याच्या रचनेंत मनापासून हालतांना ती दोरी कोठें बांधली आहे, हें ज्यानें नीट पाहून ठेवलें, त्यालाच एके दिवशीं ती आपल्या हातांत घेतां येते. आमच्या दंडारींतील पोरांनाहि हें लागू आहे. त्यांच्यापैकीं एखादा उद्यां नवी रचना घेऊन उभा राहिला, तर “हें परंपरेंत नाहीं” असें म्हणण्यापूर्वीं आपण ती एकवार शेवटपर्यंत पाहावी.